हात कुठे जातो ते बघा

१० नोव्हेंबर, सोमवार

काल आशागडच्या वाडीत मारामारी झाली. आमच्या शैलेशने चिकूच्या झाडांमध्ये पेंटबॉलचं मैदान काढलंय. पाच-पाच गड्यांचे दोन संघ, तोंडावर मुखवटे, हातात हवेच्या बंदुका, त्यांतून रंगाच्या गोळ्या सुटतात. ड्रम आणि जुने टायर रचून आडोसे केलेत. गोळी अंगावर फुटली की गडी बाद. आजवर हा खेळ मी कुंपणाबाहेरूनच पाहत आलो. झाडांवरचे बगळे उडून जातात, एवढीच माझी तक्रार होती.

काल डहाणू रोड आणि तलासरी असा सामना होता. डहाणूच्या नविनने पाठीवर फुटलेली गोळी टायरला घासून पुसली आणि खेळत राहिला. पंचाने बघून न बघितल्यासारखं केलं. मग तलासरीच्या पोरांनी पंचाचीच शिट्टी हिसकावली.

संध्याकाळी त्यांचा कप्तान पांड्या शैलेशबरोबर घरी आला. पायरीवरच बसला, वर येईना. मी त्याला कधी शिकवलेलं नाही, तरी सर म्हणतो. या भागात माणूस एकदा मास्तर झाला की दोन्ही तालुक्यांचा सर होतो.

"सर, हरायला आम्ही भीत नाय," तो म्हणाला. "पण तुमच्या पंचाचा साखरपुडा नविनच्या बहिणीशी झालाय. तो सासरच्या माणसाला बाद देईल काय? जेवायला कुठे जाईल मग?"

वसू आतून हसली. मीही हसलो. पण पांड्या हसत नव्हता. पंच नीट होईपर्यंत तलासरीचा एकही संघ इथे पाय ठेवणार नाही, असं सांगून गेला. जानेवारीत दोन्ही तालुक्यांची स्पर्धा आहे.

शैलेश म्हणाला, "बाबा, तुम्ही खो-खोचे पंच होतात. तुमचा शब्द तिकडेही चालतो. पंचांना तयार करा ना."

मी म्हटलं, या वयात? तर वसू म्हणते, "जा की. निवृत्त झाल्यापासून झोपाळ्याच्या कड्या तेवढ्या झिजवल्यात." तिने उजव्या हाताने चहा दिला. डावा हात पदराखाली अंगाशी धरलेला. थंडी पडायला लागली म्हणायची.

१६ नोव्हेंबर, रविवार

पहिला दिवस. श्रुतिका नावाची कॉलेजची मुलगी आणि आणखी दोघं पंच व्हायला आले. साखरपुड्यावाल्याला शैलेशने गोळ्या भरायच्या कामावर ठेवलंय.

पहिल्याच सरावात गंमत झाली. आडोशामागे पालथा पडलेला एक गडी श्रुतिकाने बाद दिला. पोटावर चांगला रुपयाएवढा तांबूस डाग. तो ओरडतोय, "मॅडम, मला लागलंच नाही!" मी वाकून वास घेतला. चिकू! वटवाघळांनी अर्धवट खाल्लेले पिकले चिकू खाली पडतात आणि हे वीर त्यावर लोळतात. शैलेशने गोळ्याही नेमक्या तांबूस रंगाच्या आणलेल्या. कितीतरी जण इथे चिकूने बाद झाले असतील आणि कितीतरी रंगाने बाद झालेले चिकूच्या नावावर सुटले असतील.

नविन बाहेर उभा होता. "सर, आता प्रत्येकाचा वास घेणार काय? मी आज आंघोळ नाही केली, आधीच सांगतो."

"मग तुला लांबूनच बाद देता येईल," श्रुतिका म्हणाली. पोरगी तयार आहे.

शैलेशला सांगितलं, गोळ्या गुलाबी आण. या वाडीत गुलाबी काही पिकत नाही.

घरी येऊन वसूला हे सांगताना मी इतका रंगात आलो की तिच्या पदराचाही वास घेऊन दाखवला. हळद आणि कसल्याशा पाल्याचा उग्र लेप. म्हणाली, गळू झालंय, आगरच्या बुधीबाईने पाला दिलाय. मी म्हटलं, "गडी बाद नाही, खेळ चालू!" हसली बिचारी.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

रश्मी बँकेत रजा टाकून वसूला वापीला घेऊन गेली. साडी घ्यायला. आमची सून सासूसाठी रजा टाकते, हे भाग्य म्हणायचं. मी दिवसभर पंचांसाठी नियम सोप्या मराठीत लिहीत बसलो. गोळी लागून न फुटता उडाली तर बाद नाही. शेजारी फुटलेल्याचे शिंतोडे उडाले तर बाद नाही. फुटली की हात सरळ वर, जवळच्या कडेने बाहेर. आणि बाद झालेल्याने बोलायचं नाही. कोण कुठे लपलंय हे सोबत्यांना खुणेनेही सांगायचं नाही. या शेवटच्या नियमाशी मी बराच वेळ थांबलो. कवितेतली ओळ वाटावी असा नियम आहे.

दोघी संध्याकाळच्या गाडीने परतल्या. साडी आणली नाही. पसंत पडली नाही म्हणे. एवढं मोठं वापीचं मार्केट! रश्मीचे डोळे लाल दिसले. रस्त्याची धूळ फार.

३ डिसेंबर, बुधवार

आज घरातच तालीम. वसूला केरसुणी देऊन झोपाळ्यामागे उभं केलं. मी गोळी मारल्याचं सोंग केलं, तिने बाद होऊन दाखवायचं. तर ही दार उघडून सरळ स्वयंपाकघरात निघाली. "अहो, बाद झाले ना मी? मग भात बघते."

"हात वर! हात वर केल्याशिवाय कळणार कसं?"

तिने उजवा हात वर केला. छान, शाळेत हजेरी देतात तसा. म्हटलं, दोन्ही करून दाखव. डावा वर जाईना. खांदा धरलाय म्हणाली. मी तेल चोळून देतो म्हटलं तर नको नको म्हणत मागे सरली. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी लाजते.

मग तिच्या आग्रहावरून मी नावाड्याची कविता म्हटली. आमच्या चौथीच्या पुस्तकातली. तिच्या माहेरी चिंचणीच्या शाळेत तेच पुस्तक होतं. लग्न ठरलं तेव्हा आमच्यात सारखं म्हणावं असं तेवढंच निघालं. पहिली दोन कडवी मला येतात. तिसऱ्यापाशी मी कायम अडतो आणि ती ओळ पुरवते. आजही पुरवली, पण मध्येच श्वास घ्यायला थांबली. मी म्हटलं, यती चुकला. म्हणाली, "चुकू दे."

१४ डिसेंबर, रविवार

श्रुतिका आणि डहाणूच्या पोरांना सरावासाठी घेऊन तलासरीला जाऊन आलो. शाळेमागच्या पडीक जमिनीवर पोरांनी बांबूचे आडोसे करून मैदान उभं केलंय. पांड्याने माझ्यासाठी खुर्ची आणली होती, तीही बहुतेक शाळेतलीच.

आज मला या खेळाची किल्ली सापडली. श्रुतिका म्हणत होती, "सर, पुसलेलं कसं पकडायचं? माझं लक्ष जाईपर्यंत रंग गेलेला असतो."

मी तासभर नुसता बसून बघत होतो. मग तिला म्हटलं, रंग बघू नकोस, हात कुठे जातो ते बघ. लपवायचं ठरवलेल्या माणसाचा हात लागलेल्या जागी जातो. तो नाही म्हणेल, हसेल, पळेल, पण हात तिथे जाईलच. त्याचं त्यालाही कळत नाही. वर्गात खिशात चिंचा लपवणारी पोरं मी अशीच धरली.

श्रुतिकाने दोन जण लगेच धरले. एक डहाणूचा, एक तलासरीचा. तलासरीवाल्याला बाद दिलं तेव्हा सगळे पांड्याकडे बघायला लागले. तो त्या गड्यावर ओरडला, "ये, भायेर नीघ! त्यांचा पंच खोटा म्हणून भांडलो ना? मग खऱ्याचं पण ऐक." आणि माझ्याकडे वळून, "सर, आम्ही येतो. लिहून घ्या, चार संघ."

परत येताना बसमध्ये मी गुणगुणत होतो. शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसला. या वयात कुणी आपल्याला एखादं काम द्यावं आणि ते आपल्याला जमावं, याहून काय हवं?

घरी आलो तेव्हा वसू झोपाळ्यावर बसली होती. उजवा हात डाव्या काखेत, वर पदर. सगळं ऐकलं. म्हणाली, "किती दिवसांनी असे बोलताय."

१८ डिसेंबर, गुरुवार

स्वयंपाकघरात शैलेशचा आवाज चढलेला. "आई, जानेवारीपर्यंत थांबायचं म्हणजे काय? तुला समजतंय का?" वसूचा आवाज नेहमीसारखा. "फायनल होऊ दे. मग म्हणशील तिथे येते. त्यांना आत्ता काही सांगायचं नाही, तुला माझी शपथ आहे."

मी दारात गेलो तर तिघंही गप्प. बहुधा रश्मीच्या भावाकडे बडोद्याला जायचं चाललंय आणि मला मैदान सोडावं लागेल म्हणून ही थांबवतेय. तिला माझ्या फायनलची एवढी काळजी! मला भरून आलं. मी म्हटलं, "फायनल झाली की सगळेच जाऊ." शैलेश ताटावरून उठून गेला. मुलं आपल्यापेक्षा लवकर रागावतात.

२ जानेवारी, शुक्रवार

नव्या वर्षाचं म्हणून आगरच्या किनाऱ्यावर गेलो. पूर्वी आम्ही सुरूच्या बनाच्या टोकापर्यंत जायचो. आज वसू वाटेतच एका उलट्या होडीवर बसली. धाप लागली होती. मी म्हटलं, वय झालं आपलं. ती म्हणाली, "तुमचं कुठे झालंय? तुम्ही तर आत्ता कुठे मैदानात उतरलात."

काठ्यांवर बोंबील वाळत होते. समुद्र ओहोटीला इतका आत गेला होता की पाणी कुठून सुरू होतं ते दिसत नव्हतं. मी कविता म्हणायला लागलो. तिसऱ्या कडव्यापाशी थांबून तिच्याकडे पाहिलं. ती पाण्याकडे बघत होती. पुष्कळ वेळाने ओळ दिली, अगदी हळू. मग म्हणाली, "आता तुम्ही पाठ करा बाई ती. दरवेळी मी कुठे असते?"

मी म्हटलं, पाठ केली तर मजा काय राहिली?

११ जानेवारी, रविवार

फायनल झाली. आजच लिहिलं पाहिजे.

डहाणू रोड आणि तलासरी. कुंपणाबाहेर माणूस मावत नव्हता. रश्मी वसूला घेऊन आली. मोठ्या झाडाखाली खुर्ची ठेवून बसवलं. मधली पंच श्रुतिका. डहाणूचीच मुलगी म्हणून तलासरीवाले आधी कुजबुजले, पांड्याने त्यांना गप्प केलं.

शेवटी डहाणूचे दोन गडी उरले, नविन आणि एक जण, आणि तलासरीचा एकटा पांड्या. पांड्याने ड्रमाआडून मारलं. नविन वळला, पडला, उठला, अंगावर कुठे गुलाबी नाही. डहाणूवाले नाचायला लागले. श्रुतिकाची शिट्टी वाजली.

"नविन, जागेवर थांब. डावा हात वर कर."

"काय झालं? कुठे आहे पेंट, दाखव ना!"

"तुझा हात दोनदा काखेत गेला. वर कर."

त्याने वर केला. काखेखाली गुलाबी फराटा, मातीत मिसळलेला. पुसल्याचा दंड म्हणून त्याच्याबरोबर त्याचा सोबतीही बाहेर. सामना तलासरीचा! कुंपणावरून बाटली आली. कुणीतरी ओरडलं, "आपलीच पोरगी उलटली!" श्रुतिकाने मान वळवली नाही. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो, पण तिला माझी गरज नव्हती. नविनच शेवटी मुखवटा काढून म्हणाला, "जाऊ दे रे, लागली होती." त्यावर बाहेरचा गोंगाट आपोआप बसला.

टाळ्या पडल्या. तलासरीच्या पोरांनी पांड्याला उचललं. मी वसूकडे पाहिलं. आजचा हा दिवस मला तिला दाखवायचा होता.

सगळे टाळ्या वाजवत होते. वसू वाजवत नव्हती. हसत होती ती माझ्याकडे बघून. आणि तिचा उजवा हात डाव्या काखेत होता, पदराखाली.

श्रुतिकाचे शब्द कानात होते. तुझा हात दोनदा काखेत गेला. माझेच शब्द ते.

मी मैदान ओलांडून गेलो. कुणीतरी हार घालायला आलं, त्याला बाजूला केलं. खुर्चीपाशी जाऊन म्हटलं, "वसू, हात काढ."

तिने काढला नाही. रश्मी खाली बसून रडायला लागली.

१३ जानेवारी, मंगळवार

वापीचं हॉस्पिटल. डावीकडे स्तनात गाठ. काखेतही. ती नोव्हेंबरातच दाखवून आली होती. तेव्हाच ऑपरेशन करा म्हणाले होते. आता छातीत पाणी झालंय. डॉक्टर तरुण आहेत, हळू बोलतात. "सर, तेव्हा आला असतात तर..." म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांनी केलं नाही. मीही विचारलं नाही.

शैलेश बाहेरच्या बाकावर होता. म्हणाला, "तिने शपथ घातली होती, बाबा. आणि मलाही वाटलं, दोन महिन्यांनी काय होतंय. माझी स्पर्धा होती ना." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

वसूला विचारलं, का गं?

"तुम्ही रोज मैदानावरून यायचात आणि सांगत बसायचात. वर्गातून यायचात ना, तसे. म्हटलं, तेवढं होऊ दे." मग म्हणाली, "रागावू नका. मला भीती पण वाटत होती हो."

या वहीची मागची पानं चाळली. सगळं मीच लिहून ठेवलंय. माझ्याच अक्षरात, शुद्धलेखनासकट.

२० जानेवारी, मंगळवार

सकाळी श्वास फार लागला. आत नेताहेत म्हणाले, आयसीयूत. घरच्यांनी बाहेर थांबायचं. ढकलगाडी दारापाशी थोडी थांबली. मी तिच्या कानाशी गेलो. नावाड्याची कविता सुरू केली. शेजारून नर्स गेली, तिने पाहिलं, पाहू दे. दोन कडवी झाली. मी थांबलो.

तिने ओळ दिली नाही. माझ्याकडे पाहिलं. मग उजवा हात सरळ वर केला, हजेरी देतात तसा, आणि ओठ घट्ट मिटून हसली.

"वसू, बोल. तो नियम मैदानावरचा आहे. घरात नाही."

हात तसाच वर होता. दार बंद झालं.

२२ फेब्रुवारी, रविवार

मधली पानं कोरी आहेत. राहू देत.

आज तलासरीला स्पर्धा होती. मी जाणार नव्हतो. पांड्या सकाळीच मोटरसायकल घेऊन दारात आला, पायरीवर बसला आणि बसूनच राहिला. चला असंही म्हणेना. शेवटी मीच चपला घातल्या.

पंच आता सहा झालेत. तलासरीच्या दोन मुलीही आहेत. श्रुतिका त्यांना हात कुठे जातो ते शिकवत होती, माझ्यासारखाच हात नाचवत. मी ऐकून घेतलं आणि मग एक नियम वाढवायला सांगितला. खेळाडू तपासायला बोलावेल याची पंचाने वाट बघायची नाही. शंका आली की जायचं आणि बघायचं. तो हसत असला तरी जायचं.

"पण सर, त्याने सारखा खेळ थांबेल," श्रुतिका म्हणाली.

"थांबू दे."

तिने लगेच सगळ्यांना सांगितलं.

दुपारच्या सामन्यात पांड्या लवकरच बाद झाला. खांद्यावर स्वच्छ गुलाबी, लांबूनही दिसेल असं. त्याने हात सरळ वर केला आणि कडेने चालायला लागला. तलासरीचं मैदान मोठं आहे, कडेची वाट लांब. मी त्याच्याबरोबर चालू लागलो. पंचाचं ते काम नाही, पण कुणी मला हटकलं नाही.

"लागलं का रे?"

मुखवट्याआडून त्याने माझ्याकडे पाहिलं. हात वरच होता.

बांबूच्या आडोशांपलीकडे गोळ्या फुटत होत्या. चालता चालता तोंडात कविता आली. पहिलं कडवं म्हटलं. दुसरं म्हटलं. मग तिथेच आलो जिथे नेहमी येतो, आणि सवयीने शेजारी पाहिलं.

पांड्या थांबला. मी थांबलोय म्हणून तोही थांबला, हात वर धरून. त्याला ती कविता माहीत नसणार. माहीत असती तरी तो बोलला नसता. बाद झालेल्याने बोलायचं नाही, हे त्याला मीच शिकवलंय.